खाडी आणि मराठी आरमारी कथा : भोर-वेल्ह्याच्या बाजूने एक विचार

राजगडाच्या परिसरातील पाणी सारे पूर्वेकडे जाते. गुंजवणी आणि कानंदी नीरेला मिळतात. वेळवंडी भाटघरच्या धरणात अडून पुढे नीरेतच उतरते. नीरा भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. वेल्ह्याच्या डोंगरात पडलेला पावसाचा थेंब समुद्रापर्यंत पोचायचा तर त्याला निम्मा भारत ओलांडावा लागतो. पश्चिमेचा समुद्र मात्र सरळ रेषेत येथून शंभर किलोमीटरच्याही आत आहे. भोर आणि वेल्हे या प्रदेशाचे हे भौगोलिक वैचित्र्य एरवी नकाशापुरतेच राहिले असते. परंतु मराठ्यांच्या आरमाराची उभारणी झाली त्या काळी राजधानी याच डोंगरात, राजगडावर होती, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्याला निराळे महत्त्व येते. ज्यांच्या नद्यांनी समुद्राकडे पाठ फिरवलेली आहे अशा मुलखातून समुद्रावरची सत्ता निर्माण झाली. मराठीत आरमारी साहसकथा लिहावयाची तर तिचे स्थळ कोणते असावे, या प्रश्नाचे उत्तर या विसंगतीतच सापडते. ते स्थळ खुला समुद्र नव्हे; ते नदीचे मुख, म्हणजे खाडी होय.

प्रथम वाटेचा विचार करू. नद्या पूर्वेकडे जात असल्या तरी माणसे पश्चिमेकडेही उतरत होती. भोरहून हिरडस मावळातून वर चढत गेलेली वाट वरंधा घाटाने महाडकडे उतरते. वेल्ह्याच्या बाजूने केळदजवळचा मढे घाट आहे. सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह १६७० मध्ये याच घाटाने कोकणात नेला, अशी परंपरा आहे. याखेरीज सिंगापूर-मोहरीच्या परिसरातून रायगडाच्या पायथ्याकडे उतरणाऱ्या नाळा आहेत. यांतील बहुतेक वाटांचे पाणी आणि पाऊल शेवटी एकाच खोऱ्यात येते, ते म्हणजे सावित्रीचे. १६५६ मध्ये जावळी हस्तगत झाली आणि हे खोरे शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले. पुढच्याच वर्षी, १६५७ मध्ये, कल्याण-भिवंडी घेतल्यावर उल्हास नदीची खाडी हाती आली आणि तेथे जहाजे बांधण्यास प्रारंभ झाला. १६५९ च्या सुमारास रुई लैताँव व्हियेगश नावाचा पोर्तुगीज कारागीर आपल्या माणसांसह या कामावर होता, हे पोर्तुगीज कागदांवरून कळते. म्हणजे मराठ्यांचे आरमार जन्मले ते समुद्रावर नव्हे, खाडीत. दोन खोरी मिळाली नसती तर राजगडच्या सत्तेला समुद्र दिसला असता, पण हाती लागला नसता.

भोरचा खाडीशी संबंध पुढेही तुटला नाही. पंत सचिवांच्या भोर संस्थानात घाटमाथ्यावरील भागाबरोबर कोकणातील सुधागडचा प्रदेशही होता. पालीजवळून वाहणारी अंबा नदी नागोठण्याच्या पुढे धरमतरच्या खाडीत उतरते. संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत भोरच्या दप्तरात मावळातील भाताच्या खाचरांइतकीच कोकणातील ही गावे नांदत होती. संस्थानाचे हे दुहेरी भूगोलज्ञान कोणाही कादंबरीकाराच्या उपयोगी पडले नाही, याचे मात्र आश्चर्य वाटते.

मराठी ऐतिहासिक कादंबरीने हरि नारायण आपट्यांच्या काळापासून गड आणि खिंड यांना आपले स्थळ मानले. याला कारण आहे. गडावर चढणे-उतरणे, वेढा, चोरवाट, तटाची पडलेली बाजू, या साऱ्यांत कथानकाची आयती यंत्रणा मिळते आणि वाचकालाही ती परिचयाची असते. समुद्राचे तसे नाही. गो. नी. दांडेकरांनी आपल्या शिवकालीन कादंबऱ्यांच्या मालेत ‘दर्याभवानी’ लिहून आरमाराला स्वतंत्र पुस्तक दिले. मनोहर माळगावकरांच्या १९५९ मधील इंग्रजी चरित्रग्रंथाचा पु. ल. देशपांडे यांनी केलेला ‘कान्होजी आंग्रे’ हा अनुवाद चरित्र असूनही कथेसारखा वाचला गेला. तथापि गडांवरील कादंबऱ्यांच्या राशीपुढे आरमारी कथा तुरळकच आहेत. ज्या आहेत त्यांचे अनुकरण करणाऱ्या सामान्य लेखनात समुद्र बहुधा ‘अथांग’ असतो. हे विशेषण येथे तपासून पाहण्याजोगे आहे. थांग म्हणजे खोलीचा ठाव. जेथे ठाव लागत नाही तेथे नावाड्याला काळजीही नसते. त्याचे सारे कसब जेथे ठाव लागतो तेथे, म्हणजे उथळ पाण्यात, पणाला लागते. खाडीत प्रत्येक हाताला थांग विचारावा लागतो. ‘अथांग’ म्हणणारा लेखक नकळत सांगून टाकतो की त्याची कथा किनाऱ्यावरून पाहिलेली आहे.

आता सावित्रीची खाडी प्रत्यक्ष पाहू. महाबळेश्वरला उगम पावून सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. तेथे तिला गांधारी मिळते, खाली दासगावच्या बाजूला काळ नदी येऊन मिळते आणि मग आंबेत व म्हाप्रळ यांच्यामधून वळणे घेत ती बाणकोट आणि हरिहरेश्वर यांच्यामध्ये समुद्राला मिळते. महाड हे समुद्रापासून वळणावळणांनी सुमारे ५० किलोमीटर आत असूनही बंदर होते. मोठी गलबते म्हाप्रळपर्यंत येत; त्यापुढे दासगाव आणि महाड येथवर लहान नावा भरतीच्या पाण्यावर चढत. मुखाशी दक्षिणेकडे बाणकोटचा किल्ला आहे. आंग्र्यांच्या काळात त्याचे नाव हिंमतगड होते. १७५५ मध्ये तो इंग्रजांनी घेतला आणि १७५६ च्या तहाने तो त्यांच्याकडेच राहिला. त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया झाले. रायगडाच्या पायथ्याचे बंदर मराठ्यांचे आणि त्याचा दरवाजा इंग्रजांच्या तोफांखाली, अशी विलक्षण स्थिती त्यानंतर अनेक वर्षे होती. कथालेखकाला याहून अधिक ताण कृत्रिमपणे निर्माण करावा लागू नये.

खाडीचे खरे वैशिष्ट्य तिच्या दृश्यात नसून तिच्या वेळापत्रकात आहे. मावळातील माणसाच्या भाषेत ‘उलटी गंगा वाहणे’ हा सृष्टिक्रम बिघडल्याचा वाक्प्रचार आहे. महाडच्या घाटावर ही उलटी गंगा दिवसातून दोनदा वाहते आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. कोकणातील लोक हा हिशेब तिथीवर करतात. तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारणतः मिळते : चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, द्वादशीला ९ वाजता, आणि पौर्णिमा-अमावास्येला ११-१२ च्या सुमारास, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत खाली उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार सर्वांत कमी, त्याला भांग म्हणतात.

या साध्या गणिताचा ऐतिहासिक कादंबरीवर काय परिणाम होतो, तो पाहण्यासारखा आहे. मराठी ऐतिहासिक लेखक प्रसंगाची तिथी आवर्जून देतो. बखरींची आणि पत्रव्यवहाराची ती सवय त्याच्या अंगवळणी पडलेली असते. परंतु खाडीवरच्या प्रसंगाची तिथी दिली की त्याबरोबर पाण्याची पातळीही ठरून जाते आणि लेखकाचे स्वातंत्र्य तेथेच संपते. समजा, एखाद्या कथेत अष्टमीच्या मध्यरात्री गलबते भरतीच्या पाण्यावर मुखाबाहेर पडतात. अष्टमीची पूर्ण भरती सहाच्या सुमारास, म्हणून मध्यरात्री ओहोटी. शिवाय भांगाचे दिवस असल्याने पाण्याला जोरही नाही. वद्य पक्ष असेल तर नेमका मध्यरात्रीच चंद्र उगवतो. लेखकाने अंधार, पाणी आणि ओढ या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात गमावल्या. घाटमाथ्यावरचा वाचक ही चूक पुढे वाचीत जाईल. बाणकोटचा वाचक तेथेच पुस्तक मिटील.

उलट अमावास्येची मध्यरात्र घ्या. रहस्यकथांनी हा मुहूर्त इतका झिजवला आहे की गंभीर लेखक तो टाळतो. पण या किनाऱ्यावर तो सर्वस्वी शास्त्रशुद्ध आहे. मुखापाशी पूर्ण भरती मध्यरात्रीच्या आगेमागे होते, तीही उधाणाची; म्हणून वाळूच्या दांड्यावरून भरल्या गलबतालाही पाणी पुरते. त्यानंतर सुरू होणारी ओहोटी पहाटेपर्यंत बाहेर ओढून नेते. चांदणे नाही. आणि हिवाळ्याचे दिवस असतील तर उत्तररात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा शिडात भरतो. अंधार, पाणी, ओढ आणि वारा हे चौघे पंधरवड्यातून फार थोड्या रात्री एकत्र येतात. पौर्णिमेला यांतील तीन असतात, पण किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याला शीड दिसते. आरमारी कथेतील नायकाला कोणत्या रात्रीची वाट पाहावी लागेल, आणि ती हुकली तर किती दिवस थांबावे लागेल, हे येथे पंचांगच ठरविते.

याहून सूक्ष्म असा एक विशेष आहे. भरतीची लाट मुखापासून आत सरकत जाते, म्हणून महाडकडे पूर्ण भरती मुखापेक्षा उशिरा होते. त्यामुळे खाडीतून वर जाणारी नाव भरतीच्या लाटेबरोबर चालते आणि तिला अनुकूल पाणी सहा तासांहूनही अधिक मिळते. खाली येणाऱ्या नावेचे उलट होते : ती वरून ओहोटी धरून निघते, परंतु वाटेतच पुढची भरती तिला सामोरी येते. म्हणजे खाडीत शिरणे सोपे आणि निसटणे कठीण. अमावास्येच्या रात्री दासगावहून निघालेली नाव मध्यरात्र उलटल्यावर ओहोटी धरील आणि मुखाशी येईल ती पहाटे, जेव्हा दांड्यावर पाणी सर्वांत कमी असते आणि उजाडू लागलेले असते. तेव्हा तिने आदल्या रात्रीच म्हाप्रळच्या खाली येऊन कोठेतरी कांदळाच्या आडोशाला दिवस काढला पाहिजे. हा एक दिवस, चिखलात टेकलेली नाव, भोवती तिवरांची झाडी, वर किल्ल्याकडे जाणाऱ्या माणसांची वाट आणि पाणी परत येण्याची प्रतीक्षा, यात एका उत्तम प्रकरणाचे सर्व द्रव्य आहे. आणि ते कल्पनेने शोधावे लागलेले नाही, पाण्याने पुरविलेले आहे.

पावसाळ्यात हे गणित बिघडते. सावित्री, काळ आणि गांधारी यांचे पुराचे पाणी खाली येत असता खालून भरती चढली म्हणजे पाण्याला वाट राहत नाही. २०२१ च्या जुलैमध्ये महाड बुडाले तेव्हा या दुहेरी कोंडीची चर्चा पुन्हा झाली. तथापि आरमारी कथेला पावसाळा फारसा लागत नाही, कारण नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंदच असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या पावसाळी छावणीचा स्वतंत्र विचार आहे. ती दर वर्षी एकाच बंदरात करू नये, असे तेथे बजावले आहे. त्याच ग्रंथात जहाजे फार थोरही नकोत, फार लहानही नकोत, असा विवेक सांगितला आहे. हा मध्यम आकाराचा आग्रह खाडीच्या खोलीशी ताडून पाहिला म्हणजे त्यातील व्यवहारज्ञान दिसते.

मराठ्यांची नौकायुद्धपद्धती या आकारावरच उभी होती. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांचे, पुढच्या बाजूने तोफा डागणारे. गलबत त्याहून बरेच लहान आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांवर चालणारे. वारा पडला म्हणजे गलबते गुराबांना ओढून शत्रूच्या पिछाडीला आणीत आणि वारा उठला म्हणजे उथळ पाण्यात निघून जात. १६७९ मध्ये खांदेरीच्या बेटावर मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी इंग्रजांशी जो झगडा केला, त्यात हे स्पष्ट दिसते. १८ ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचे ‘डव्ह’ मराठ्यांच्या हाती लागले. ‘रिव्हेंज’ने मारा करून मराठी आरमाराला मागे रेटले खरे, पण मागे रेटलेल्या होड्या उथळ पाण्यात शिरल्या आणि मोठ्या जहाजांचा पाठलाग तेथेच संपला. इंग्रजांनी समुद्र राखला, मराठ्यांनी बेट राखले. अशा लढाईचे वर्णन विजय-पराजयाच्या ठरीव भाषेत करणारा लेखक तिचे मर्म घालवून बसतो.

मात्र जी खाडी आश्रय देते तीच सापळाही होते. विजयदुर्गाजवळ वाघोटनच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार आणि गिर्ये येथील त्यांची गोदी होती. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचे आरमार मुखातून आत आले, क्लाइव्हची फौज किनाऱ्यावर उतरली आणि जमिनीकडून पेशव्यांचे सैन्य होते. तुळाजी आंग्रे किल्ल्यात नव्हता. दाटीवाटीने बांधून ठेवलेल्या जहाजांपैकी एकावर तोफगोळा पडून आग लागली; ते जहाज पूर्वी इंग्रजांकडून हस्तगत केलेले ‘रिस्टोरेशन’ होते. तेथून आग एकामागून एक जहाजांवर गेली आणि आंग्र्यांचे बहुतेक आरमार खाडीतच भस्म झाले. समुद्रावर ज्यांना कोणी गाठू शकत नव्हते ते नांगरावरच जळाले. या प्रसंगावर थोर कादंबरी लिहिली जाण्यास अडथळा द्रव्याचा नाही. अडथळा आहे तो हा, की कथेतील शत्रू कोणाला म्हणावे, याचे उत्तर मराठी लेखकाला अवघड वाटते.

परदेशी वाङ्मयात या स्थळाचे सामर्थ्य फार पूर्वी ओळखले गेले. अर्स्किन चाइल्डर्स याच्या ‘द रिडल ऑफ द सँड्स’ (१९०३) या कादंबरीत जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरची ओहोटीत उघडी पडणारी वाळू हीच रहस्याची किल्ली आहे. सी. एस. फॉरेस्टर याच्या ‘फ्लाइंग कलर्स’ (१९३८) मध्ये कैदेतून सुटलेला हॉर्नब्लोअर लहानशा होडीतून लुआर नदीने खाली येतो आणि नाँतच्या बंदरात एक जहाज ताब्यात घेऊन मुखातून समुद्रावर निसटतो. देशाच्या अंतर्भागातून नदीच्या आधाराने समुद्राकडे येणारा नायक ही त्या कथेची चौकट होय. भोरहून वरंध्याने महाडला उतरणाऱ्या मावळ्याला ती चौकट सहज बसते. फरक इतकाच की त्याची स्वतःची नदी त्याच्याबरोबर येत नाही.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो आणि तोच या विवेचनातील सर्वांत अवघड भाग आहे. मावळच्या बोलीत पाण्याला शब्द पुष्कळ आहेत : ओढा, ओहळ, डोह, कोंड, उतार, पाणवठा. पण ते सारे एका दिशेने वाहणाऱ्या गोड्या पाण्याचे आहेत. खाडीचा शब्दसंग्रह निराळ्या कुळांतून आला. दर्या, बंदर, नाखवा हे फारसी. सुकाणू, खलाशी, गुराब हे मुळात अरबी. आरमार हा पोर्तुगीज ‘आर्मादा’चा मराठी अवतार. भरती, ओहोटी, शीड, डोलकाठी हे मात्र घरचेच वाटतात. हा मिश्र संग्रह कोकणातील भंडारी, कोळी, खारवी, गाबीत आणि मुसलमान दर्यावर्दी यांच्या तोंडी घडला. घाटावरच्या पायदळाच्या नव्हे. म्हणून मावळा गलबतावर चढला की तो स्वतःच्याच भाषेत परका होतो.

‘नांगर’ हा शब्द या परकेपणाचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. शेतकऱ्याचा नांगर संस्कृत ‘लाङ्गल’ या शब्दातून आला. नावाड्याचा नांगर फारसी ‘लंगर’ या शब्दातून. दोहोंत आरंभीच्या ल-काराचा न-कार झाला आणि दोन भिन्न कुळांचे शब्द ऐकावयास एकरूप झाले. मराठीने त्यांचा भेद क्रियापदांनी राखला आहे : एक नांगर धरतात किंवा हाकतात, दुसरा टाकतात किंवा उचलतात. हिरडस मावळातील कुणब्याने पहिल्यांदा ‘नांगर टाका’ ही आज्ञा ऐकली तर त्याच्या कानाला ती काम सोडून देण्याची आज्ञा वाटेल. असाच ‘नाळ’ हा शब्द. वेल्ह्याच्या डोंगरात नाळ म्हणजे कड्यामधून उतरणारी अरुंद घळ. गलबतावर नाळ म्हणजे त्याचा पुढचा, पाणी कापणारा भाग. जो मनुष्य सकाळी एका नाळेने उतरला तो रात्री दुसऱ्या नाळेवर पहाऱ्याला उभा राहू शकतो. अशा शब्दांचा उपयोग विनोदासाठी करणे सोपे आहे; नायकाचे शिक्षण त्यांतून दाखविणे ही खरी कादंबरीकाराची कामगिरी. (याच ओघात एक इशारा द्यावा लागतो. ‘वेल्हे’ हे ग्रामनाम आणि ‘वल्हे’ हा नावेच्या साधनाचा शब्द यांतील ध्वनिसाम्यावरून कोणी व्युत्पत्ती रचू नये. डोंगरातील गावाला वल्ह्याचे नाव पडण्याचे कारण दिसत नाही आणि केवळ ध्वनिसाम्य हा पुरावा होत नाही.)

लेखकापुढे दोन मार्ग असतात. एक म्हणजे सर्व शब्द प्रमाण मराठीत समजावून सांगणे. त्याने तांडेल शाळामास्तरासारखा बोलू लागतो. दुसरा म्हणजे शब्दांची खैरात करणे. त्याने वाचक घाटावरच राहतो. या दोहोंपेक्षा चांगला मार्ग श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीकडे पाहून सुचतो. ती आरमारी कथा नव्हे. जगबुडीच्या काठच्या एका घराण्याची कथा आहे. पण तेथे नदी आणि खाडी माणसांच्या व्यवहारात मिसळलेली असल्यामुळे पाण्याची माहिती वेगळी काढून सांगावी लागत नाही. भरतीचा शब्द भरतीच्या कामाबरोबर येतो आणि अर्थ आपोआप लागतो. आरमारी कथेतही मावळा जे जे शिकतो ते ते वाचकाने त्याच्याबरोबर शिकावे, एवढी योजना पुरेशी आहे. ‘मतलई’ हा शब्द पहिल्यांदा नायकाच्या कानावर पडावा, तो त्याला कळू नये, आणि पहाटे शीड भरले म्हणजे कळावा.

परंतु ही योजना अमलात आणावयाची तर शब्द हाताशी पाहिजेत, आणि येथे अभ्यासकांची उणीव जाणवते. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) कोकणातील मराठीच्या प्रकारांत बाणकोटी आणि संगमेश्वरी ही नावे आढळतात. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या पाहणीत महाडच्या कुणबी बोलीला स्वतंत्र पुस्तक दिले. म्हणजे खाडीच्या शिरोभागाची बोली नोंदली गेली. मात्र ती शेतकऱ्याची बोली होय, तांडेलाची नव्हे. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) कोकणातील दर्यावर्दी शब्द बऱ्याच संख्येने आहेत. परंतु कोशातील शब्द सुटा असतो. तो कोणत्या आज्ञेत, कोणत्या स्वरात आणि कोणाला उद्देशून येत असे, ते तेथे कळत नाही. रस्ते व पूल झाले, नदीत गाळ साचला आणि महाड-दासगावकडे चढणारी मालाची गलबते बंद झाली. मुखाशी वेश्वी आणि बागमांडला यांच्या दरम्यान वाहने नेणारी फेरी चालते, पण तिला शीड नाही आणि मतलईची वाट पाहण्याचे कारणही नाही. ज्या कामांमुळे शब्द जिवंत होते ती कामे गेल्यावर शब्द स्मरणात किती काळ राहतील, याचा अदमास करणे कठीण नाही.

म्हणून बाणकोट ते महाड या पट्ट्यातील वृद्धांकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याने नावांच्या भागांची यादी तर घ्यावीच, पण त्याआधी एक प्रश्न विचारावा. भरती संपलेली आहे, ओहोटी सुरू झालेली नाही, नांगरावरची नाव कोणत्याच बाजूला ओढ घेत नाही आणि तिचे तोंड वळावयाचे आहे, त्या थोड्या वेळाला काय म्हणत असत? प्रमाण मराठीच्या लेखनात या वेळेसाठी रूढ असा एकेरी शब्द आढळत नाही. अमावास्येच्या रात्री कांदळात लपलेला तांडेल ज्या क्षणाची वाट पाहत बसला आहे, तो नेमका हाच. आणि तो क्षण आला हे त्याने शेजारच्या मावळ्याला कुजबुजून सांगावयाचे आहे.